प्रयोगशाळेतून बाजारपेठेकडे : ज्ञानाची अमानत

ज्ञान आणि उपजीविका यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न जुना आहे. परंतु प्रत्येक पिढीला तो नव्या वेषात भेटतो. आज तो आपल्या समाजातील अशा तरुणांना भेटत आहे, ज्यांनी उमेदीची पंधरा वर्षे विज्ञानाच्या अध्ययनात घालवली. रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात डॉक्टरेट झाली. त्यानंतर ठरावीक मुदतीच्या एकामागून एक फेलोशिप झाल्या. कायमची जागा निघत नाही आणि वय पस्तिशीकडे झुकले आहे. घरी वृद्ध आई-वडील आहेत, मुले शाळेत जाऊ लागली आहेत. अशा वेळी एखादी औषध कंपनी नोकरी देऊ करते, किंवा एखादा मित्र म्हणतो की तुझ्या संशोधनावर आपण मिळून उद्योग काढू. मन तिकडे ओढ घेते आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचते : आपण ज्ञान सोडून दामाच्या मागे निघालो काय?

सुज्ञ वाचकहो, हा प्रश्न इमामाकडे येतो तेव्हा बहुधा 'जायज आहे की नाही' एवढ्याच रूपात येतो. तेवढ्याचे उत्तर एका शब्दात देता येते : जायज आहे. वस्तू हलाल असेल, व्यवहारात व्याज व फसवणूक नसेल, तर विद्यापीठातून व्यापारात जाण्यास शरीअतची आडकाठी नाही. पण या उत्तराने टोचणी थांबत नाही, कारण खरा प्रश्न निराळा आहे. प्रयोगशाळेत अंगवळणी पडलेला सत्याचा दंडक बाजारात टिकवता येतो काय, आणि टिकवायचा तर त्याची सीमा कोठे आखायची? या लेखात आपण त्या सीमेचाच विचार करू.

व्यापाराने ज्ञानाची अप्रतिष्ठा होते काय?

विद्वानाने दुकान मांडू नये, ही समजूत आपल्या परिसरात रुजलेली आहे. इस्लामी परंपरेत तिला आधार नाही. मदरशात फिक्ह शिकताना आम्ही ज्या इमामांची नावे पाठ करतो, ती नावेच याची साक्ष देतात. खस्साफ म्हणजे पादत्राणे सांधणारा, जस्सास म्हणजे चुन्याचे काम करणारा, हलवानी म्हणजे मिठाईवाला, कफ्फाल म्हणजे कुलपे घडवणारा. या थोर फकीहांनी आपल्या नावातील व्यवसाय लपवला नाही. इमाम कफ्फाल मरवजी (रह.) यांच्याविषयी तर असे सांगितले जाते की, तिशीपर्यंत ते कुलपेच घडवीत होते आणि त्यानंतर विद्यार्जनाकडे वळले. तिशीत वाट बदलणे म्हणजे मागचे आयुष्य वाया गेले, असे मानणाऱ्याने हे नाव ध्यानात ठेवावे. हजरत इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात रेशमी कापडाचा व्यापार करीत आणि त्याच कमाईतून गरजू शिष्यांना आधार देत. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रेषितत्वापूर्वी हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर व्यापार केला आणि मक्केत 'अमीन' म्हणून लौकिक मिळवला.

आपल्या देशातील विज्ञानाचा इतिहासही हेच सांगतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असतानाच १८९२ मध्ये त्यांनी अल्प भांडवलावर बंगाल केमिकलचा पाया घातला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. अलीगढमध्ये जन्मलेले ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनमधून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन मायदेशी परतले आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही कंपनी स्थापन केली. तिलाच आज आपण सिप्ला या नावाने ओळखतो. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी या कंपनीला भेट दिली होती. या माणसांनी विद्येकडे पाठ फिरवली, असे कोणीही म्हणणार नाही. विद्येला त्यांनी लोकांच्या दारापर्यंत नेले.

तेव्हा वाट बदलण्यात कमीपणा नाही. धोका आहे तो वाटेवरील एका वळणाचा, आणि ते वळण पुष्कळांना दिसतच नाही.

दोन जगांचे दोन दंडक

विज्ञानाच्या जगात प्रतिष्ठा प्रकट करण्याने मिळते. जो आपली पद्धत, आपली निरीक्षणे आणि आपल्या मोजमापातील संभाव्य चूकही छापून सर्वांपुढे ठेवतो, तो मोठा. जो लपवतो, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. बाजारात याच्या उलट आहे. तेथे पुष्कळदा राखून ठेवण्यातच मोल असते : कोणत्या तापमानाला मिश्रण घडते, कच्चा माल कोठून येतो, पुढच्या वर्षी काय विक्रीस येणार आहे, हे सर्व गुप्त असते. वीस वर्षे 'सांगणे' हाच ज्याचा स्वभाव बनला, त्याला एके दिवशी करारावर सही करून 'न सांगणे' पत्करावे लागते. त्याची टोचणी येथून उगम पावते.

मग सर्व काही झाकता येईल काय? इस्लामी शिकवणीने येथे एक स्पष्ट रेषा आखली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. धान्य कोठून आणले, किती दराने घेतले, असे त्या विक्रेत्याला विचारले गेले नाही. त्याचे व्यापारी रहस्य त्याच्याकडेच राहिले. त्याला जाब विचारला गेला तो ओलाव्याबद्दल, म्हणजे मालाच्या दोषाबद्दल.

हीच रेषा इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या जीवनात दिसते. त्यांनी आपल्या भागीदाराकडे कापड विक्रीस पाठवले आणि त्यातील एका ठाणात दोष आहे, तो ग्राहकाला दाखवावा असे कळवले. भागीदार विसरला. कापड विकले गेले आणि ग्राहक कोण होता हेही कळेना. तेव्हा इमाम साहेबांनी त्या विक्रीची सर्व रक्कम दान करून टाकली. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी न्यायालयात गेले नव्हते. दोष सांगितला गेला नाही, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

यावरून एक सूत्र हाती लागते : कृती झाकता येईल, दोष झाकता येणार नाही. आपल्या श्रमाने सिद्ध केलेली पद्धत राखून ठेवणे हा मालकीचा हक्क आहे. मालाची उणीव राखून ठेवणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क हिरावणे होय.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. ज्ञान लपवणाऱ्याविषयी हदीसमध्ये कठोर ताकीद आली आहे, मग औषधाची कृती लपवणे कसे चालेल? हदीसच्या भाष्यकारांनी ती ताकीद प्रामुख्याने अशा ज्ञानाशी जोडली आहे, ज्याची विचारणाऱ्याला आपले कर्तव्य पार पाडण्यासाठी गरज आहे आणि जे दडवल्याने तो वाट चुकेल. प्रत्येक कारागिराने आपली हातोटी चव्हाट्यावर मांडावी, असा तिचा अर्थ कोणी केलेला नाही. शोध आणि लेखन यांवरील हक्कांबाबत विद्वानांत मतभेद झाले आहेत. तथापि १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने हे हक्क शरीअतनुसार संरक्षणास पात्र ठरवले. आधुनिक पेटंटची रचनाही विचार करण्याजोगी आहे. पेटंट घेणाऱ्याला आपली कृती लिहून जाहीर करावी लागते, आणि त्या मोबदल्यात भारतात त्याला अर्ज केल्यापासून वीस वर्षांपर्यंत एकाधिकार मिळतो. म्हणजे तेथे सांगणे आणि राखणे यांचा करार झालेला असतो. संशोधकाने एवढे मात्र लक्षात ठेवावे की, आधी शोधनिबंध छापून मग पेटंट मागितल्यास बहुधा नावीन्य संपलेले असते. हा क्रम विद्यापीठात क्वचितच शिकवला जातो.

'कदाचित' या शब्दाची किंमत

दोष झाकण्याचे सर्वांत मोहक रूप म्हणजे खात्रीची भाषा. संशोधक आपल्या निबंधात लिहितो की, उंदरांवरील प्रयोगात अमुक परिणाम आढळला, मानवावरील परिणाम तपासावा लागेल. हेच वाक्य गुंतवणूकदारापुढील सादरीकरणात 'परिणाम आशादायक आहे' असे होते आणि वर्षभराने माहितीपत्रकात 'गुणकारी' एवढाच शब्द उरतो. प्रत्येक पायरीवर थोडेसेच गळाले. कोणीही धडधडीत खोटे बोलले नाही. तरीही शेवटी जे ग्राहकाच्या हाती पडले, ते ओले धान्य होते.

दिव्य कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये अशा लोकांचा धिक्कार केला आहे, जे घेताना पुरेपूर माप घेतात आणि देताना मात्र माप मारतात. आपण ही आयत तराजूपुरती समजतो. परंतु ज्या संशोधकाने वर्षानुवर्षे इतरांचे निबंध तपासताना पुराव्याचा कण न् कण मागितला, त्यानेच स्वतःचा माल विकताना अर्धा पुरावा पुढे करावा, हे माप मारणे नव्हे तर काय? जेवढा पुरावा तुम्ही दुसऱ्याकडून मागत होता, तेवढाच आज ग्राहकाला द्या. विज्ञानातून आलेल्या व्यापाऱ्यासाठी या आयतीचा हा सरळ अर्थ आहे.

अमेरिकेतील थेरानोस कंपनीचे उदाहरण सर्वांसमोर आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने रक्ताच्या काही थेंबांत अनेक चाचण्या करण्याचा दावा केला. एके काळी तिचे मूल्य सुमारे ९ अब्ज डॉलर मानले जात होते. प्रत्यक्षात तिच्या यंत्रावर मोजक्याच चाचण्या होत आणि बहुतेक चाचण्या इतरांच्या यंत्रांवर उरकल्या जात. रुग्णांना मिळणारे अहवाल विश्वासार्ह नाहीत, हे नुकतेच पदवीधर झालेल्या दोन तरुण कर्मचाऱ्यांनी ओळखले व ते बाहेर सांगण्याचे धैर्य दाखवले. २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले. यंत्राची रचना गुप्त ठेवली, एवढ्यावर तिला कोणी अपराधी ठरवले नसते. यंत्र चालत नाही, ही गोष्ट गुप्त ठेवली गेली.

म्हणून कंपनीत जाण्यापूर्वी पगाराइतक्याच गांभीर्याने एक प्रश्न विचारून घ्यावा : येथे प्रयोग फसला तर ते कोणाला सांगायचे असते, आणि सांगणाऱ्याचे पुढे काय होते? या प्रश्नाला सरळ उत्तर न देणाऱ्या ठिकाणी पगार कितीही मोठा असला, तरी तुमची विद्या तेथे गहाण पडेल.

निघण्यापूर्वी फेडायची देणी

घर बदलताना मनुष्य शेजाऱ्यांची देणी चुकवतो. विज्ञानसंस्था सोडतानाही काही अमानती परत करायच्या असतात. प्रयोगांच्या नोंदवह्या, नमुने, संगणकातील आधारसामग्री ही बहुधा संस्थेची मालमत्ता असते. ती सोबत नेणे म्हणजे अमानतीत खयानत होय. शोधावर संस्थेचा हक्क असेल, तर रीतसर परवाना घ्यावा. ज्या विद्यार्थ्याने रात्रीचा दिवस करून प्रयोग केले, त्याचे नाव पेटंटच्या अर्जातून गळू देऊ नये. मार्गदर्शनाखालील प्रबंध अर्धवट टाकून जाऊ नये. मुदत वाढवावी किंवा दुसऱ्या मार्गदर्शकाच्या हाती विद्यार्थी सुखरूप सोपवावा.

काही जण पद न सोडता उद्योग उभा करतात. संस्थेचे नियम अनुमती देत असतील आणि सर्व काही लेखी कळवलेले असेल, तर हरकत नाही. मात्र वेळ आणि उपकरणे एकाची, नफा दुसऱ्याचा, असे होता कामा नये. हजरत अबूबक्र (रजि.) खलीफा झाल्यानंतरही खांद्यावर कापड टाकून बाजाराकडे निघाले होते. तेव्हा सहाबांनी त्यांना थांबवले आणि त्यांच्या कुटुंबासाठी बैतुलमालमधून निर्वाहवेतन ठरवले. जनतेचे काम आणि खासगी व्यापार यांत एकाच माणसाचा दिवस कसा वाटला जातो, हे त्या पिढीने ओळखले होते.

भागीदारीचे सर्व करार लेखी असावेत. दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत ही नमाज किंवा रोजा यांविषयीची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार घेण्याविषयी आहे. मित्रामित्रांत कसला कागद, असे म्हणणारे पुढे मैत्री आणि उद्योग दोन्ही गमावतात. ज्याच्याकडे विद्या आहे पण भांडवल नाही, त्याच्यासाठी आपल्या फिक्हमध्ये मुदारबा हा मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा झाल्यास भांडवलदाराचे पैसे जातात आणि श्रम करणाऱ्याचे श्रम जातात, अर्थात त्याने हलगर्जी किंवा करारभंग केला नसेल तर. दोघेही जोखीम उचलतात, हा या व्यवहाराचा प्राण आहे. गुंतवणूकदाराने नफा-तोट्याचा विचार न करता ठरावीक परताव्याची हमी मागितली, तर नाव काहीही असो, ते व्याजच होय.

उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची शिकवण उद्योगालाही लागू आहे. घरखर्चाची दीड-दोन वर्षांची तरतूद, पत्नीशी मोकळी चर्चा, आई-वडिलांच्या औषधपाण्याची सोय, हे सर्व उंट बांधण्यातच मोडते. बाजार हाही एक परीक्षक आहे आणि तो निबंध तपासणाऱ्या परीक्षकापेक्षा सावकाश निकाल देतो. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. नांगर उत्तम असूनही लोकांचा विश्वास बसेपर्यंत थांबावे लागले. ज्याच्या घरात धान्य नाही, त्याला असे थांबता येत नाही. आणि थांबता न येणाऱ्याला अतिशयोक्तीचा मोह लवकर होतो. तरतूद ही अशा प्रकारे प्रामाणिकपणाचेही रक्षण करते.

इस्तिखाराविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इस्तिखारा म्हणजे स्वप्नात हिरवा किंवा लाल रंग दिसण्याची वाट पाहणे नव्हे. जाणकारांचा सल्ला घेऊन, लाभहानी तोलून, दोन रकअत नमाज अदा करून अल्लाहकडे भले मागायचे आणि पाऊल उचलायचे. ज्याने सल्लाच घेतला नाही, त्याने आपल्या आळसाला इस्तिखाराचे नाव देऊ नये.

समाजाचे ऋण

एक देणे अजून उरते आणि ते सर्वांत मोठे आहे. आपल्या देशातील बहुतेक संशोधन सार्वजनिक पैशावर होते. त्या पैशात काड्यापेटी विकत घेणाऱ्या मजुराचाही कर असतो. त्याच्या पैशावर शिकलेली विद्या उद्या औषध बनून आली आणि ते औषध त्यालाच परवडले नाही, तर व्यवहार कायदेशीर असूनही हिशेब अपुरा राहतो.

१९२२ च्या आरंभी टोरांटोत इन्शुलिनने मधुमेही रुग्णाला जीवदान दिले. त्याचे पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकले. पण येवढ्याने रुग्ण वाचले नसते, कारण विद्यापीठाला पुरेसे इन्शुलिन तयार करणे जमत नव्हते. एली लिली या औषध कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर तयार केले. हक्क सोडून देणारे शास्त्रज्ञ आणि माल बनवणारी कंपनी, दोघांचीही गरज होती. २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेला प्रतिरुग्ण वर्षाला ३५० डॉलर या दराने देऊ केले. त्या काळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या अशाच उपचाराचा खर्च वर्षाला १०,००० डॉलरच्या वर होता. तेव्हा सिप्लाचे नेतृत्व करणारे डॉ. यूसुफ हमीद हे संस्थापकांचे पुत्र आणि केंब्रिजचे रसायनशास्त्रातील डॉक्टरेट होत. मूळ शोधकर्त्यांचा हक्क किती आणि रुग्णाचा किती, यावर तेव्हा जगभर वाद झाला व तो अजून संपलेला नाही. पण दर ठरवणे हा देखील नैतिक निर्णय असतो, एवढे त्या एका आकड्याने जगाला दाखवले.

प्रिय वाचकहो, हजरत यूसुफ (अलै.) तुरुंगातून बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे स्वप्नांचा अर्थ लावण्याची विद्या होती. दुष्काळ येणार हे त्यांनी सांगितले होते. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. देशाच्या भांडारांचा कारभार त्यांनी स्वतःहून मागितला आणि आपले दोन गुण सांगितले : मी राखणारा आहे आणि जाणणारा आहे. जाणणाऱ्याने कोठारापासून दूर राहिले पाहिजे, असे त्यांना वाटले नाही. मात्र कोठाराच्या किल्ल्या मागताना त्यांनी राखण्याचा गुण आधी सांगितला आणि जाणण्याचा नंतर.

विद्यापीठाने तुम्हाला जाणायला शिकवले. बाजारात तुमची परीक्षा राखण्यात होईल : आपली कृती राखा, दुसऱ्याची अमानत राखा, आणि ओले धान्य वर ठेवा. अल्लाह आपल्या विद्येला लाभदायक आणि कमाईला पवित्र करो. आमीन.